बैल नाही, चाक नाही, आणि हे एवढं!

सहलीच्या पत्रकात त्या भेटी सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत छापल्या होत्या. संग्रहालयं, प्राचीन अवशेष, आणि पुढे शब्द 'ऐच्छिक'. म्हणजे हौस असेल त्याने जादा पैसे भरावेत, बाकीच्यांनी बाजार करावा. आमच्यातले निम्मे लोक चांदीच्या दागिन्यांकडे वळलेही. मेक्सिकोत येऊन हे ऐच्छिक, म्हणजे वेरूळला जाऊन कैलास लेणं ऐच्छिक! मी खिडकीची जागा धरून बसले. आमचे हे मागून आले. कुरकुरत, पण आले.

आणि मेक्सिको सिटीतल्या त्या मानववंशशास्त्र संग्रहालयाच्या दारात पोचायच्या आधीच, रस्त्याच्या कडेला, तो!

दगड म्हणावा तर डोंगराचा कडा तुटून उभा राहिलाय. सात मीटर उंच, १६८ टन वजन. नाकडोळे झिजलेत, हात कुठला नि कपडा कुठला कळत नाही, तरी समोर गेलं की चपला काढाव्यात असं वाटतं. लोक याला त्लालोक म्हणतात. पावसाचा देव. शतकानुशतकं हा कोआत्लिन्चान नावाच्या गावाजवळ ओढ्यात आडवा पडून होता. संग्रहालयाची नवी इमारत उठत होती तेव्हा, १९६४ साली, सरकारने त्याला राजधानीत आणायचं ठरवलं. गाव बिथरलं. देव गेला तर पाऊस जाईल! गावकऱ्यांनी ट्रेलरची मोडतोड केली, शेवटी लष्कर आलं. १६ एप्रिलला देवाची स्वारी शहरात शिरली. पावसाळ्याला अजून अवकाश होता, आणि त्या दिवशी मुसळधार कोसळला.

कर्जत-पारनेरच्या माणसाला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. पावसाने ओढ दिली की आमच्याकडे धोंडी निघते, महादेवाचा गाभारा पाण्याने भरून देवालाच कोंडतात. देवाशी असं भांडण करण्याइतकी जवळीक त्या गावाचीही असणार. सरकारने बदल्यात शाळा दिली, दवाखाना दिला, रस्ता दिला म्हणे. मी आमच्या ह्यांना विचारलं, तुम्ही दिला असता का देव? ते म्हणाले, "आधी रस्ता बघितला असता."

आत प्रचंड अंगण. त्यावर एकाच खांबावर तोललेलं भलंमोठं छप्पर, आणि खांबाभोवती वरून पाण्याचा गोल पडदा सडसडत खाली येतोय. बाहेर रणरणतं ऊन. शाळेची पोरं पाण्यात हात घालतात, किंचाळतात, पळतात. पेद्रो रामिरेझ वास्केझ नावाच्या वास्तुकाराने हे उभारलं. संग्रहालय म्हटलं की कोंदट खोल्या, पिवळे दिवे आणि डुलक्या घेणारा शिपाई एवढंच ठाऊक असलेल्या मला तिथेच, तिकीट हातात धरून, उभं राहायची पाळी आली.

आझ्टेकांच्या दालनात गेले नि समोर कोआत्लिक्वे. देवांची आई. अडीच मीटरच्या वर उंची. मानेतून दोन साप वर निघालेत, समोरासमोर आलेत, आणि त्यांच्या दोन तोंडांचं मिळून तिचं एक तोंड झालंय. गळ्यात कापलेले हात आणि माणसांची काळजं ओवलेली माळ, मध्ये कवटीचं पदक. वेटोळ्या सापांचा विणलेला परकर. पायांना नख्या. आमच्यातल्या एक काकू दोन पावलं मागे सरल्या. मी मात्र नवरात्रात मोहट्याला पायी जाणारी बाई, मला देवीच्या उग्र रूपाचं काय! हात आपोआप जोडले गेले. पहारेकऱ्याने पाहिलं आणि मान हलवली, जणू त्याला याची सवय आहे. सवय असेलही. ही मूर्ती १७९० साली शहराच्या मुख्य चौकात खोदताना सापडली, विद्यापीठाच्या आवारात ठेवली, आणि पुढे तिथले मूळ रहिवासी गुपचूप फुलं नि मेणबत्त्या घेऊन यायला लागले. पाद्री घाबरले आणि त्यांनी देवी परत पुरून टाकली! पुढे हुम्बोल्ट नावाच्या जर्मन प्रवाशासाठी ती उकरली, त्याला दाखवली, आणि पुन्हा मातीआड केली. अडीच-पावणेतीनशे वर्षं राज्य करूनही स्पॅनिशांची एका दगडी बाईची धास्ती सुटली नव्हती.

तिच्यापासून जवळच सूर्यशिला. साडेतीन मीटरहून मोठा वाटोळा दगड, चोवीस टनांचा, बेसॉल्टचा. म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ. मध्ये जीभ बाहेर काढलेला चेहरा, आणि ती जीभ म्हणजे बळी द्यायची दगडी सुरी. भोवती वीस दिवसांची वीस चिन्हं, सरडा, घर, ससा, कुत्रा, माकड, फूल. एक रेघ वाकडी नाही. आणि हे कोरणाऱ्याच्या हातात लोखंड नव्हतं. दगडाने दगड कोरलाय!

पण माझं डोकं त्या दगडाच्या वजनात अडकलं होतं. शेतकऱ्याच्या घरातली मी, जड वस्तू दिसली की पहिला प्रश्न तोच येतो: हे आणलं कशावर?

उत्तर पुढच्या एका काचेच्या कपाटात बसलं होतं, वीतभर लांबीचं. मातीचा कुत्रा. कान टवकारलेले, तोंड किंचित उघडं. पुढच्या दोन पायांना आरपार भोकं, मागच्या दोन पायांना भोकं, भोकांतून आडव्या काड्या, आणि काड्यांच्या टोकांना चार मातीच्या चकत्या. चाकं! व्हेराक्रूझकडच्या बाजूला अशी खेळणी मिळालीत, कोलंबसाच्या कित्येक शतकं आधीची. मी काचेला नाक लावून बघत राहिले. म्हणजे चाक यांना ठाऊक होतं?

"ठाऊक होतं," आमची वाटाड्या मुलगी म्हणाली. "पण सेन्योरा, गाडी केली तर ती ओढणार कोण?"

आणि मला एकदम उलगडलं. बैल नाही. घोडा नाही. गाढव, खेचर, रेडा, उंट, काही नाही. माणसाळलेलं जनावर म्हणाल तर कुत्रा आणि टर्की कोंबडा. माल वाहायचा तो माणसाच्या पाठीवर, कपाळाला पट्टा लावून. गावोगाव असे ओझेकरी होते, बापाचा पट्टा पोराच्या कपाळाला. एवढी साम्राज्यं, एवढे बाजार, एवढी खंडणीची गाठोडी, सगळं कपाळावर!

माझं माहेर प्रवरेच्या काठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. दायमाबादचं टेकाड तिथून सायकलच्या अंतरावर. १९७४ साली तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना चार भरीव धातूच्या वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि एक रथ. हत्ती-गेंडा-रेड्याच्याही पायाखाली चाकांची सोय आहे. आणि रथ तर काय सांगावा! पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीचा, दोन बैल जुंपलेले, मागे वीतभराचा माणूस ताठ उभा. आणि दांडीवर, बैलांच्या मागे, चक्क एक कुत्रा. चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात तो. आमच्या रथावरही कुत्रा आणि यांच्या चाकांवरही कुत्रा. फक्त आमच्या कुत्र्यापुढे बैल आहेत. तेवढ्या एका फरकाने दोन जग किती वेगळ्या वाटांनी गेली, ते त्या कपाटापुढे उभं राहिल्यावर अंगावर येतं. पुढे सगळ्या सहलीत मी प्रत्येक दगडाकडे त्याच नजरेने बघत राहिले. हा कुणाच्या पाठीवरून आला?

शहराच्या मधला चौक म्हणजे सोकालो. आम्ही दिवाळी आटोपून निघालो होतो आणि पोचलो ते त्यांच्या मृतांच्या सणात. काय रंग! चौकात, फुटपाथवर, हॉटेलच्या पायऱ्यांवर, बँकेच्या काउंटरवर झेंडू. पोत्यांनी झेंडू, ट्रकनी झेंडू. पाकळ्यांची वाट दारापासून आत वेदीपर्यंत घातलेली, पितरांना घर सापडावं म्हणून. वेदीवर फोटो, पाव, फळं, मयताच्या आवडीचं जेवण, एकीकडे तर सिगारेटचं पाकीटही. सर्वपित्रीला आजोबांच्या पानावर तंबाखूची पुडी ठेवणारं आमचं घर, आम्हाला यात परकं काय वाटणार? फक्त इथे कावळ्याची वाट बघत नाहीत, गिटार वाजवतात. आणि तो झेंडू! दसऱ्याला अकोळनेरच्या मळ्यांतून नगरच्या बाजारात येतो, तोरणात घरंदाज होऊन बसतो, तो मूळचा यांचा. तोरणाला विचारलं नव्हतं कधी, गाव कुठलं म्हणून.

चौकाला लागूनच टेम्प्लो मायोर, आझ्टेकांचं मोठं देऊळ. स्पॅनिशांनी १५२१ मध्ये शहर जिंकलं, देऊळ पाडलं, त्याच दगडांनी वर आपलं शहर बांधलं आणि देऊळ नेमकं कुठे होतं याचा लोकांना विसर पडत गेला. मग १९७८ च्या फेब्रुवारीत वीज कंपनीचे कामगार चर खणत असताना फावडं खणकन वाजलं. खाली सव्वातीन मीटरचा वाटोळा दगड, आठ टनांचा, त्यावर हातपाय तुटलेली चंद्रदेवी कोयोल्शाउकी. भावाने मारून डोंगरावरून ढकललेली. तिच्या सांध्यांतून हाडं दिसतात, गालावर घुंगरं आहेत, आणि शरीराचे तुकडे त्या वर्तुळात असे बसवलेत की ती पडते आहे की नाचते आहे कळू नये. राजवाडे-दरबार राहूदे बाजूला, पुरातत्त्व हे खरं तर फावड्याचं शास्त्र. दायमाबादला काय, इथे काय, आधी कष्टकऱ्याचा हात पोचतो आणि मग विद्वानांच्या जीपा येतात.

इथेच जरा पुढे कवट्यांची रास मिळाली, २०१५ साली. चुन्यात बसवलेल्या कवट्या, एकावर एक, वर्तुळात. बळी दिलेल्या माणसांच्या. बायकांच्याही, पोरांच्याही. संग्रहालयातल्या कवट्यांपुढे मी फार थांबले नाही. बाहेर कवायतीसारखे पाय आपटत पिसांचे मुकुट घातलेले नर्तक नाचतात, घोट्यांना सुक्या बियांचे चाळ, आणि त्यांच्यातली एक बाई कोपालचा धूर आणि पाल्याची जुडी घेऊन लोकांची 'सफाई' करते. राळेसारखा वास. डोक्यापासून पायांपर्यंत पाला झटकते, पुटपुटते, फुंकर मारते. दृष्टच काढते की! पुण्याच्या एका काकांनी काढून घेतली. मीठमोहऱ्या नव्हत्या म्हणून लागू पडेल की नाही, याची चर्चा बसमध्ये बराच वेळ चालली.

सोकालोहून चालत जाण्याएवढ्या अंतरावर शिक्षण खात्याची जुनी इमारत आहे, आता भित्तिचित्रांचं संग्रहालय. पत्रकात नव्हती, ऐच्छिकमध्येसुद्धा नव्हती. मी हट्टाने गेले. दिएगो रिवेराने रंगवलेल्या भिंतींवर एके ठिकाणी पंगत बसलीय, कामगार, शेतकरी, नाना रंगांचे लोक, आणि टेबलाच्या प्रमुखस्थानी एक माणूस पाव मोडतोय. तो आपला पांडुरंग सदाशिव खानखोजे, असं सांगतात. वर्ध्याचा! गदर चळवळीतला क्रांतिकारक, इंग्रजांमुळे देशाला पारखा झालेला, फिरत फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोत आला आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाला. मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. आणि मका कुणाला शिकवला? ज्यांनी हजारो वर्षांपूर्वी एका रानगवतापासून मका घडवला, त्यांच्याच नातवंडांना! याला वैदर्भी छाती लागते. मी त्या भिंतीखाली उभी राहून फोटो काढला, तर शेजारच्या फ्रेंच जोडप्याने नवलाने बघितलं. त्यांना काय सांगू, आमच्या गावाकडचे आहेत म्हणून?

मग तेओतिवाकान, ओस पडलेलं प्राचीन शहर. इथे माझी वाचा गेली, हे आमच्या ह्यांना विचारा.

रस्ता. सरळ, रुंद, किलोमीटरच्या किलोमीटर. नाव काय तर मृतांचा मार्ग. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांचे दगडी चौथरे, टोकाला चंद्राचा पिरॅमिड, आणि डाव्या-उजव्या डोंगरांत डोंगर होऊन बसलेला सूर्याचा पिरॅमिड. पासष्ट मीटर उंच, वीस मजली इमारतीएवढा. पण उंचीचं सोडा, पायथा बघा. एकेक बाजू सव्वादोनशे मीटर. मी मनातल्या मनात हिशेब केला, साडेबारा एकर! एवढ्या रानाच्या वाटणीवरून आमच्याकडे दोन भाऊ तीस वर्षं कोर्टात जातात. यांनी त्या साडेबारा एकरांवर नुसती माती आणि दगड रचत नेले, दहा लाख घनमीटरच्या आसपास. टोपलीने. पाठीवरून. उन्हात माझी पाठ उगाच दुखायला लागली.

आणि हे आझ्टेकांचं नव्हे बरं का. आझ्टेक आले तेव्हा हे शहर ओस पडून कित्येक शतकं झाली होती. त्यांनाही कळेना कोणी बांधलं, म्हणून त्यांनी हे देवांचं ठिकाण ठरवलं आणि रस्त्याला, पिरॅमिडांना नावं दिली. बांधणाऱ्यांनी आपल्या गावाला काय म्हटलं, त्यांची भाषा कुठली, सगळं मातीत गेलं. इसवी सनाच्या पाचव्या शतकात इथे लाखभर माणसं राहत होती. आपल्याकडे अजिंठ्यात वाकाटकांची लेणी कोरली जात होती, तेव्हाची गोष्ट.

आज दगड करडे दिसतात. तेव्हा सगळ्या शहराला चुन्याचा गिलावा होता आणि त्यावर लाल रंग. डोळे मिटून बघा, वीस चौरस किलोमीटरचं लालबुंद शहर! तो चुना जवळपास मिळत नाही, तुला गावाच्या बाजूने साठेक किलोमीटरवरून आणला. कशावर, ते आता सांगायला नको.

राहायच्या वाड्यांत शिरलो. मध्ये चौक, भोवती खोल्या, कोपऱ्यात देवघर, पावसाचं पाणी बाहेर काढायला जमिनीखालून मोऱ्या. एकेका वाड्यात कितीतरी कुटुंबं. तेपान्तित्ला नावाच्या वाड्याच्या भिंतींवर चिमुकली माणसं नाचतात, पोहतात, फुलपाखरं धरतात, आणि प्रत्येकाच्या तोंडातून एक वळणदार वेल निघालीय. म्हणजे ते बोलतायत, गातायत! आणि याच घरांच्या जमिनीखाली त्यांची मेलेली माणसं. आपल्या नेवाशाला १९५४ च्या सुमारास उत्खनन झालं तेव्हा घरांच्या जमिनीखाली रांजण मिळाले होते, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत तान्ही मुलं. जोर्वे संस्कृतीच्या आयांनी आपलं लेकरू घराबाहेर जाऊ दिलं नाही. सातासमुद्रापार याही आयांनी घरची माणसं पायाखालीच ठेवून वर स्वयंपाक केला. दोघींना एकमेकींची काही खबर नव्हती.

पिसांच्या सर्पाच्या देवळापुढे २००३ साली जोराच्या पावसानंतर जमीन खचली आणि खाली बोगदा लागला, अठराशे वर्षं बुजवून ठेवलेला. आत शंख, जेड, रबराचे चेंडू, आणि पारा! वाहता पारा! मला तर राहून राहून ते चेंडूच आठवतात. देवापुढे चेंडू ठेवणारे लोक वाईट कसे असतील, असं वाटतं न वाटतं तोच तिथली मुलगी सांगते की याच देवळाच्या पायात सुमारे दोनशे माणसं पुरलीत, बऱ्याच जणांचे हात मागे बांधलेले. या देशात कौतुक पुरतं करूच देत नाहीत.

अवशेषांच्या बाहेर एका कारागिराचं छप्पर. पुढ्यात मोठं घायपात. होय, आपल्या बांधावरचं, दोर वळायचं घायपात. हेही मूळचं इथलंच. त्याने पानाचं काळं अणकुचीदार टोक दातांनी चावलं, हळूच पिळून ओढलं, आणि काटा पानापासून सुटा झाला तो मागे लांबलचक धागे घेऊनच. सुई-दोरा! ओवलेला! मग त्याने फड्या निवडुंगाचं एक पान उचललं. त्यावर पांढरं कापसासारखं काही चिकटलेलं, बुरशीच म्हणा ना. त्यातला मसुराएवढा किडा माझ्या तळहातावर ठेवला आणि नखाने दाबला. लाल! कुंकवाहून गडद, डाळिंबाहून गडद. त्यावर लिंबाचा थेंब पिळला, तर केशरी झाला. चिमूटभर चुना टाकला, जांभळा. माझ्या एका तळहातावर अख्खं पैठणीचं दुकान. दोन दिवस तो रंग गेला नाही, आणि मीही फार घासला नाही.

जेवायला जवळच्या एका खानावळीत. चुलीवर सपाट मातीचा तवा, बाई मक्याचं पीठ दोन तळव्यांत थापतेय, थप थप थप. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, मग पाट्यावर वाटलेला. कोपऱ्यात पाटा होता तो तीन पायांचा, बाकी आमचाच. भाजी आली, हिरव्या पट्ट्यांची, थोडी बुळबुळीत, भेंडीच्या चवीची. विचारलं तर निवडुंग! दुष्काळात कडबा संपला म्हणजे काटे जाळून जनावरांपुढे टाकायचा तो, इथे कांदा-टोमॅटो-मिरचीबरोबर ताटात. आणि तो टोमॅटो, ती मिरची? तीही यांचीच. मिरचीखेरीज आमच्या नगरचा ठेचा कसा लागत असेल, कल्पनाच करवत नाही.

भिंतीवर जुना फोटो होता. नांगर आणि बैलजोडी. अखेर बैल दिसला! स्पॅनिशांबरोबर जहाजातून आलेला. पण आमचे हे ताडकन उठले, चष्मा पुसून जवळ गेले आणि ओरडले, "अगं, जू शिंगांना बांधलंय!" खरंच की. मानेवर, खांद्यावर नाही, सरळ शिंगांमागे दोरांनी आवळलेलं. मालक म्हणाला, इथे असंच, आजोबाही असंच जुंपत. ह्यांना ते पटेना. वशिंड कशाला दिलंय देवाने? मालकाने आतून आपल्या म्हाताऱ्या बापाला हाक मारली. म्हाताऱ्याने टोपी मागे सारली, आणि एकाला मराठीखेरीज येत नाही, दुसऱ्याला स्पॅनिशखेरीज, असे दोघे शेतकरी टेबलावर दोन पाव ठेवून, चमच्याचं जू आणि काट्यांच्या शिवळा करून, जोरजोराने एकमेकांना बैल जुंपायला शिकवू लागले. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.